‘२+’चा अर्थ

थोरल्या बहिणीच्या अहवालात ‘हर-टू: २+’ असं छापलं होतं. घरात कुणी त्याचा अर्थ ‘आहे’ असा लावला, कुणी ‘नाही’. मी वैद्यक शिकलेलो नाही. त्या एका आकड्यापायी वाचायला लागलो.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचा संदेश आत पोचवणारं प्रथिन. स्तनाच्या काही गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वीस पटींहूनही वाढलेल्या असतात आणि अशांचा आजार लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये १८९ गाठी तपासून दाखवलं. नेमकं हेच प्रथिन धरणारं ट्रास्टुझुमॅब १९९८मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

रंगचाचणीत ३+ म्हणजे होकार, ० किंवा १+ म्हणजे नकार. (या दोहोंमधली रेघही २०२२पासून महत्त्वाची ठरली, पण ते वेगळं प्रकरण.) २+ म्हणजे फक्त ‘पुन्हा पाहा’: फिश चाचणीत जनुकाच्या प्रतीच मोजा.

मला अडवलं ते त्याआधीच्या पायरीनं. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावी आणि ६ ते ७२ तास तिथे राहावी. नाहीतर रंग फसवू शकतो. बहिणीची गाठ बरणीत कधी पडली, याची अहवालात नोंदच नव्हती. मेणाचा ठोकळा मागवून आम्ही फिश करून घेतली. होकार आला. पुढच्या आठवड्यात औषध सुरू झालं.