'थांब' म्हटलं की थांबायलाच हवं!

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी भोसरी-चाकणच्या कारखान्यात कामाला आहे का? मग त्यांना विचारा, यंत्रावरचं ते पिवळ्या गोलातलं लाल बटण कशासाठी? ते असतं 'इमर्जन्सी' बटण! धोका दिसला की तळव्यानं दाबायचं, यंत्र बंद! मुद्दाम फिरवून सोडवल्याशिवाय ते पुन्हा चालूच होत नाही. त्या खडखडाटात नुसतं ओरडून कसं भागेल?

आता घराघरांतही बोलकी यंत्रं आली आहेत. ॲमेझॉनचं 'एको' भारतात आलं २०१७ साली. "अलेक्सा, गाणं लाव" म्हटलं की गाणं सुरू, "अलेक्सा, स्टॉप" म्हटलं की बंद! पण आपली हाक ऐकू यावी म्हणून ते सतत कान टवकारून बसतं, बरं का! घरातलं खासगी बोलणं त्यानं ऐकू नये असं वाटलं तर? त्यासाठी 'एको'वर माईक बंद करायचं बटण असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो. पूर्वी रेकॉर्ड झालेलं बोलणं मोबाइलच्या ॲपमधून पुसताही येतं.

यंत्र कितीही हुशार असो, शेवटचा शब्द आपलाच हवा. तुमच्याकडे 'एको' असेल, तर आई-बाबांबरोबर ते बटण शोधा पाहू!