नाशिक येथील सहपचन: मैला आणि उष्टे यांची सांगड

मानवी मैल्यापासून ज्वलनशील वायु मिळविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ साली असा वायु काढून दिव्यांकरिता वापरल्याची नोंद आहे. पुढे देहू येथे डॉ. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेली ‘मलप्रभा’ वायुयंत्रे प्रचारात आणली. नाशिक महानगरपालिकेच्या पाथर्डी-विल्होळी येथील खतप्रकल्पाच्या आवारात जर्मन सहकार्याने २०१७ साली सुरू झालेला प्रकल्प मात्र निराळ्या कारणाने अभ्यासनीय ठरतो. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतील मैला आणि हॉटेलांतील ओला कचरा यांचे तेथे एकत्र पचन योजिले होते. दोन्ही मिळून दररोज सुमारे ३० टन माल व त्यापासून सुमारे ३३०० युनिट वीज, असा मूळ अंदाज होता.

हे दोन पदार्थ एकत्र का आणावयाचे, हाच खरा प्रश्न होय. निर्वात पचनात अम्लकारी जीवाणु प्रथम पिष्ट, शर्करा व स्निग्ध पदार्थ यांचे विघटन करून बाष्पशील अम्ले निर्माण करतात. मिथेनकारी सूक्ष्मजीवांचे काम त्यानंतरचे. पहिला वर्ग चपळ, दुसरा मंद आणि नाजूक. उरलेला भात, डाळ, भाजी यांचे विघटन इतके शीघ्र होते की अम्ल साचते, टाकीतील द्रवाचा सामू ६.५ च्या खाली उतरतो आणि मिथेननिर्मिती खुंटते. घरातील पीठ अधिक आंबले म्हणजे जे होते, त्याचाच हा मोठा अवतार! मैल्यात मूत्रातील युरियापासून आलेला अमोनिया असतो. त्यापासून बनणारे बायकार्बोनेट हे अम्ल पेलून धरते. अन्नकचऱ्यात अल्प असणारी लोह, निकेल, कोबाल्ट ही सूक्ष्मद्रव्येही मैल्याबरोबर येतात. शिवाय अन्नकचरा पातळ करण्यास जे पाणी लागले असते, ते याच मैल्यातून मिळते. गोदावरीकाठच्या शहराला देखील ही बचत क्षुल्लक नव्हे.

परंतु वायूचा हिशेब मांडला असता चित्र पालटते. साठ टक्के मिथेन असलेल्या एक घनमीटर वायूत सुमारे ६ युनिट उष्णता असते व इंजिनातून त्याची सुमारे २ युनिट वीज होते. म्हणजे ३३०० युनिटांसाठी सुमारे १६५० घनमीटर वायु हवा. स्वच्छ अन्नकचऱ्याच्या एका टनापासून स्थूलमानाने १०० घनमीटर वायु मिळतो. उलट टाकीतला मैला बहुतांशी पाणीच. त्यातील घनांश दोन-तीन टक्के, आणि तोही टाकीत साचून राहिल्याने बराचसा आधीच पचलेला. तो टनामागे वायु देतो फारच थोडा. तेव्हा मैल्याचे साहाय्य रासायनिक आहे, ऊर्जेचे नव्हे. हॉटेलांचा माल निम्म्यावर आला तर वीजही निम्म्यावर येणार. मैल्याच्या टँकरांची संख्या कितीही वाढविली तरी ती तूट भरून निघणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, म्हणूनच अशा प्रकल्पाचे भवितव्य पाचक टाकीपेक्षा हॉटेलाच्या मागील दारी ठरते: तेथे उष्टे वेगळे ठेवले जाते, की प्लास्टिकच्या पिशव्या व चमचे यांच्यासह एकाच डब्यात जाते, यावर.

जवळच दिंडोरी भागात मद्यनिर्मितीनंतर द्राक्षांचा चोथा उरतो. तो पूरक माल म्हणून सुचविता येईल. परंतु तो हंगामापुरताच मिळतो, त्यातील बियांचे काष्ठीय आवरण जवळजवळ अपच्य असते, आणि चोथ्यात उरलेली शर्करा पुन्हा अम्लतेचीच भर घालते. त्यासाठीही मैल्याचे प्रमाण प्रयोगानेच ठरवावे लागेल.