मनःशांती आणि धर्मांतराचा वाद

गाणगापूरला जाणारा गोमंतकीय वा कोकणी भाविक भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतो, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो आणि सवड असल्यास हुमनाबादजवळच्या माणिकनगरीही माथा टेकून येतो. कलबुर्गी आणि बीदर हे सीमेवरचे दोन्ही जिल्हे शांतीच्या शोधार्थ निघालेल्यांचे मोठेच विश्रामस्थान आहेत. कलबुर्गीस ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा, बीदरला शिखांचे नानक झिरा, बसवकल्याणास बसवेश्वरांची स्मृती. याच मुलखात ख्रिस्ती प्रार्थनामंदिरेही आहेत. अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजले. या मंदिरांत रविवारी जमणारा समाज बहुतांशी दलित कुळांतला, शेतमजुरी करणारा आहे. दर्गा पाहून आपला भाविक हात जोडतो; हे मंदिर पाहून मात्र त्याच्या मनात एकच शब्द उमटतो : धर्मांतर. आत बसलेल्या माणसाला तेथे मनःशांती लाभत असेल काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. तो आज विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाचकांना हा प्रश्न अवघड वाटणे स्वाभाविक आहे. सोळाव्या शतकात या भूमीत देवळे पाडली गेली, देव रातोरात नदीपार न्यावे लागले. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये. ही स्मृती विसरा, असा उपदेश आम्ही करणार नाही. परंतु त्या स्मृतीतील संताप नेमका कशाविषयीचा आहे? तो बळजबरीविषयीचा आहे. माणसाच्या श्रद्धेवर सत्तेने हात टाकू नये, हाच तिचा धडा. मग जेथे सत्ता नाही, सक्ती नाही, तेथे त्याच स्मृतीच्या आधारे दुसऱ्याच्या श्रद्धेवर संशय घेणे न्यायाचे ठरत नाही. ज्या काळी ही जुलूमजबरदस्ती चालू होती, त्याच काळी राशोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, हेही इतिहासात नमूद आहे.

ख्रिस्ती श्रद्धेने अंतःकरणाला शांती मिळते काय, याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा मराठी माणसांनीच ठेवला आहे. कर्नाटकात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले की, त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. मनाचे समाधान त्यांना लाभले ते सुमारे आठ वर्षांनी. म्हणजे नाव बदलले, विधी झाला, तरी शांती त्याबरोबर आपोआप येत नाही, ही साक्ष खुद्द धर्मांतर केलेल्या विदुषीची आहे.

दुसरी साक्ष आमच्या कोकणच्या नारायण वामन टिळकांची. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची तळमळ खरी होती. पण तिची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीला मिळालेल्या शांतीने पत्नीच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आणि लोकापवाद आला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. पुढे लक्ष्मीबाईही त्याच श्रद्धेकडे वळल्या, परंतु आपल्या बुद्धीने आणि आपल्या वेळी. टिळकांनी तुकोबांना अखेरपर्यंत सोडले नाही. अभंग आणि कीर्तन यांतूनच त्यांनी ख्रिस्त गाइला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली.

कोणी म्हणेल, ही विद्वानांची उदाहरणे झाली. बीदरच्या खेड्यातल्या निरक्षर मजुराला कसली आली आहे तत्त्वजिज्ञासा? त्याला आमिषच दाखवले असणार. मिशनच्या शाळा व दवाखाने हे आकर्षण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिस्त्यांना नाही. केवळ लाभाकडे डोळा ठेवून कोणी हा मार्ग धरत असेल, तर तो फार तोट्याचा व्यवहार म्हणावा लागेल. पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अडवले गेले, त्याला ‘तू देवाचे लेकरू आहेस’ हे कोणी सांगितले, तर तेवढ्यानेही त्याचे मन निवू शकते. याच कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांनी चांभार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचे लग्न लावले आणि त्यापायी दोघा पित्यांना प्राण गमवावे लागले, असे परंपरा सांगते. जे काम आमच्याने पुरे झाले नाही, त्याची भूक दुसऱ्या कोणी ओळखली, तर दोष त्या भुकेला देता येणार नाही.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. चर्चच्या आतही जात जिवंत आहे, हे त्यांना ठाऊक आहे. रोग हटकून बरा करण्याची हमी देणे वा शेजाऱ्याच्या दैवतांची निंदा करणे हा शांतीचा प्रसार नव्हे. ज्याला शांती लाभली, त्याने जुन्या आप्तांशी वैर मांडण्याचे कारण नाही.

कर्नाटकाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यात धर्मांतरापूर्वी तीस दिवस जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देण्याची अट घातली गेली. पुढील सरकारने जून २०२३ मध्ये तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. सक्ती व फसवणूक यांना शासन झालेच पाहिजे. धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णयही सर्वांनी मानला पाहिजे. परंतु आपल्या विवेकाने चालण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला दिले आहे. माणसाच्या अंतःकरणात शांती उतरली की नाही, हे कचेरीतील अर्जावरून ठरत नसते.

हिंदू समाजाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा आपल्या देवळाच्या दारात शोधावे. गाणगापुरी आपण ज्या समाधानासाठी जातो, तेच समाधान शेजारच्या खेड्यातील मजूर आपल्या प्रार्थनामंदिरात मागत असेल, तर त्याला तेथे निर्भयपणे बसता यावे. एवढे पाहणे आपले कर्तव्य आहे आणि ते पार पाडण्यासाठी आपल्याला आपला धर्म सोडावा लागत नाही.