खेळ सर्वांचा, नाव एकाचे

म्हैसूरच्या गंजिफा प्रसिद्ध आहेत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, बहुधा गोल आकाराचे खेळण्याचे पत्ते. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरचे महाराज तिसरे कृष्णराज वोडेयार यांनी या खेळाला राजाश्रय दिला व त्याचे अनेक नवे प्रकार रचले. त्यांचे वर्णन ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात आढळते. महाराष्ट्रात सावंतवाडीलाही गंजिफा तयार होतात. गंजिफांचा डाव कोणीही मांडावा; त्यावर कोणाचा मक्ता नाही. मात्र ‘म्हैसूरच्या गंजिफा’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे दुसरीकडे तयार झालेले पत्ते या नावाने विकता येत नाहीत. खेळ सर्वांचा, नाव म्हैसूरच्या कारागिरांचे.

भौगोलिक मानांकन एखाद्या प्रदेशातील सर्व उत्पादकांसाठी असते. व्यापारचिन्ह मात्र एका व्यक्तीचे किंवा कंपनीचे असते. ज्या नावावरून किंवा चित्रावरून ग्राहक विशिष्ट उत्पादकाचा माल ओळखतो, ते त्याचे व्यापारचिन्ह होय. भारतात १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार त्याची नोंदणी होते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते.

खेळ संगणकावर आले, तेव्हा नावांचे वादही न्यायालयात आले. ‘स्क्रॅबल’ हा अक्षरांच्या चकत्या पटावर मांडून शब्द जुळवण्याचा खेळ आहे. अमेरिका व कॅनडात या नावाचे हक्क हॅसब्रो कंपनीकडे, तर इतर देशांत मॅटेल कंपनीकडे होते. कोलकात्यातील दोन भावांनी तशाच प्रकारचा ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा खेळ इंटरनेटवर आणला. फेसबुकवर तो लाखो लोक खेळू लागले. २००८ साली हॅसब्रोने अमेरिकेत दावा लावला, तर मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

‘स्क्रॅबल’ हे आता त्या खेळाचेच सर्वसामान्य नाव झाले आहे, असा बचाव प्रतिवादींनी केला. न्यायालयाला तो पटला नाही. दोन्ही नावांतील साम्यामुळे लोकांची फसगत होऊ शकते, असे प्रथमदर्शनी मानून सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरण्यास तात्पुरती मनाई केली. मॅटेलने खेळाच्या पटावरही कॉपीराइट सांगितला होता. त्या आधारे मनाई देण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. पुढे तो खेळ ‘लेक्सुलस’ या नव्या नावाने सुरू राहिला.

या निकालातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. खेळण्याची कल्पना एखाद्याने कुलूपबंद करून ठेवावी, अशी कायद्याची इच्छा नाही. त्याचबरोबर दुसऱ्याने वर्षानुवर्षे कमावलेल्या नावाच्या आधारे ग्राहक मिळवणे कायद्याला मान्य नाही. मोठ्या कंपनीचा प्रत्येक दावा ग्राह्य ठरत नाही आणि लहान उद्योजकाला प्रत्येक चूक माफ होत नाही.

हे केवळ संगणकाच्या खेळांपुरते खरे नाही. पापड, मसाले किंवा अगरबत्ती विकणाऱ्या बचत गटालाही आपल्या मालाला नाव द्यावेच लागते. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर बदलून काढलेले नाव सुरुवातीला सोयीचे वाटते. पण मनाई हुकूम आला की छापलेली वेष्टने आणि मिळवलेली ओळख दोन्ही वाया जातात. म्हणून नाव निश्चित करण्यापूर्वी व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदवहीत शोध घेणे हिताचे असते. स्वतःच्या कष्टाने वाढवलेले नाव हीच उद्योगाची खरी पुंजी होय.