चालू, पक्का आणि ग्यारंटी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका शब्दावरून भांडण झाले. शब्द अगदी साधा, पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असलेला : ‘चालू’.

आमच्या विहिरीवर पाच एच.पी.ची मोटार आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळीने येते. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे म्हणजे विंचूकाटा आलाच, आणि आमच्या भागात आता बिबट्याही आला. म्हणून वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. घरातून फोन लावायचा, बटण दाबायचे, की पलीकडून बाई गोड आवाजात सांगते, “मोटार चालू झाली आहे.” दुकानदाराने सांगितले होते, “नाना, पक्का माल आहे. ग्यारंटीचं काम.”

महिनाभर सगळे सुरळीत झाले. मग एका रात्री नानांनी फोन लावला, बाई म्हणाली मोटार चालू झाली आहे, आणि नाना झोपले. सकाळी पाहतात तो टोमॅटोच्या सऱ्या कोरड्या, विहीर भरलेली आणि मोटारीला जळका वास. रात्री तीनपैकी एक फेज गेला होता. अशा वेळी मोटार फिरत नाही, नुसती घुमते, भलताच करंट ओढते आणि आतली वायडिंग जळते. स्टार्टरने हे ओळखून मोटार बंद करायची असते. त्याने ती केली नाही.

दुकानात मीही गेलो होतो. दुकानदार म्हणाला, “स्टार्टर कंपनीकडं पाठवतो, फुकट दुरुस्त होऊन येईल. ग्यारंटी हाय ना.”

“आन् मोटार?”

“मोटारीची ग्यारंटी न्हाई नाना. स्टार्टरची हाय.”

“आरं, मोटार सांभाळायलाच तर स्टार्टर घेतला!”

वायडिंग होऊन मोटार परत यायला आठ दिवस लागले, कारण हंगामात वायडिंगवाल्याकडे रांग असते. तोवर फुले गळाली, आणि होती त्या फळांच्या बुडाला काळे डाग पडले. नाना दुकानदाराला फसवा म्हणत, दुकानदार नानांना अडाणी म्हणत. मी कॉलेजात जाणारा म्हणून निवाडा माझ्याकडे आला, आणि मला तो करता येईना. कारण माझ्या मते दोघेही खरे बोलत होते. शब्द तेवढे एकच होते, अर्थ दोन.

मराठीच्या तासाला सरांनी अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थापकर्ष वगैरे शिकवले तेव्हा मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. आता तेच कामाला आले. ‘चालू’ हे चालण्यावरून आलेले. पायाने चालणारा तो चालू. मग न थांबलेले काम चालू, चालू महिना, चालू खाते. मग मोटार चालू. आणि शेवटी माणूस चालू, म्हणजे ज्याच्यापासून जपून राहावे असा. आता त्या रात्रीचे पाहा. यंत्राच्या लेखी ‘चालू’ म्हणजे आतली पट्टी चिकटली, खटका बसला. नानांच्या लेखी ‘चालू’ म्हणजे पाटात पाणी पडले. यंत्र खोटे बोलले नाही. ज्याने त्याच्या तोंडी तो शब्द घातला, त्याने विहिरीवर उभे राहून तो तपासला नाही, इतकेच.

‘ग्यारंटी’चेही तसेच. इंग्रजीतून ती आपल्याकडे कागदावर आली : अमुक मुदतीत बिघडल्यास आम्ही दुरुस्त करू. म्हणजे बिघडणे त्यात गृहीतच आहे. पण आमच्या गावात ती कागदावरून उतरून बोलण्यात आली आणि भरवसा झाली. पावसाची ग्यारंटी नाही, बाजारभावाची ग्यारंटी नाही, ‘पोरगं पास होईल याची ग्यारंटी देतो’. नानांनी ग्यारंटी ऐकली ती ‘बिघडणार नाही’ अशी. दुकानदाराने दिली ती ‘बिघडेल तेव्हा बघू’ अशी.

आणि ‘पक्का’? ग्रंथालयात मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे. त्यात या शब्दाचे अर्थ वाचत बसलो तर पुढचा तास बुडाला. मूळ संस्कृत ‘पक्व’, म्हणजे शिजलेले, पिकलेले. भाकरी पक्की, आंबा पक्का, वीट पक्की. तिथून मग पक्का रस्ता, पक्का वायदा, पक्का चोर. कारखान्यात जे शिजून बाहेर पडते तो पक्का माल. म्हणजे पक्का माल याचा मुळातला अर्थ तयार झालेला माल; निर्दोष माल असा नव्हे. गंमत अशी, की हल्ली आम्ही सगळे उठता-बसता जो ‘परफेक्ट’ शब्द वापरतो, त्याचीही कथा हीच. तो लॅटिनमधल्या ‘पूर्ण केलेले’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला. कारागिराने हातातले हत्यार खाली ठेवले की वस्तू परफेक्ट. तिच्यात एकही खोट नाही, हा अर्थ पुढे चिकटला आणि आता तोच मुख्य होऊन बसला आहे. ‘तयार’चे ‘निर्दोष’ कधी झाले हे गिऱ्हाइकाला कळत नाही. विकणाऱ्याला मात्र दोन्ही अर्थ सोयीचे.

मोटार वायडिंगला होती त्या दिवसांत मी पायथ्याच्या गोळेगावातून लेण्याद्री चढलो. तिथे शब्दांची मोठी खाणच आहे. पहिला शब्द डोंगराच्या नावातच. ‘लेणे’ म्हणजे अंगावर ल्यायचा दागिना, हे आजीमुळे माहीत होते. डोंगरातले लेणे हा वेगळाच शब्द आहे. संस्कृत ‘लयन’, त्याचे प्राकृतात ‘लेण’, म्हणजे विसाव्याची, राहण्याची जागा. जुन्नरच्या शिलालेखांत तो याच अर्थी येतो. दोन वेगळ्या कुळांतले शब्द दिसायला सारखे झाले, आणि आता सभेतले पाहुणे लेण्यांना ‘महाराष्ट्राचे लेणे’ म्हणतात तेव्हा कोणालाच त्यात कोटी केल्यासारखे वाटत नाही.

सहाव्या लेण्यात चैत्य आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने ते दान दिल्याचा लेख तिथे आहे, आणि त्यात त्या जागेला ‘चेतियघर’ म्हटले आहे. ‘घर’ हा शब्द इतकी शतके जसाच्या तसा राहिला हे पाहून मला फार बरे वाटले. इतरांचे नशीब एवढे चांगले नाही. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने ‘सतगभ’, म्हणजे सात खोल्यांचे लेणे, दिल्याची नोंद आहे. त्यातला ‘गभ’ म्हणजे भिक्षूची साधी खोली. आपल्याकडे त्याच कुळातला गाभारा देवाचा झाला, गाभा झाडाच्या पोटात गेला आणि गाभण गोठ्यात. इरिल नावाच्या यवनाने दोन ‘पोढी’ दिल्याचाही लेख आहे. तेव्हाचा यवन म्हणजे ग्रीक. बखरींत तोच शब्द मुसलमानांना लागला. शेजारच्या सातव्या लेण्यात भिक्षूंचा वीस खोल्यांचा विहार होता, आज तिथे गिरिजात्मज आहे. एवढा मोठा मंडप, आणि मध्ये एकही खांब नाही. दगड तोच, भिंती त्याच, अर्थ बदलला.

पोढी म्हणजे पाण्याचे टाके. ही वस्तू मी जरा शेतकऱ्याच्या नजरेने पाहिली. अखंड कातळात कोरलेली, म्हणून सांधा नाही. सांधा नाही म्हणून सिमेंटही नको आणि त्याची ग्यारंटीही नको. यापेक्षा पक्के काय असणार? पण आपला काळा दगड वरून अखंड दिसतो, आतून त्याला चिरा असतात. चीर टाक्याला लागली तर पाणी निघून जाते, आणि कातळ काही परत पाठवता येत नाही. सर्व सांधे टाळले की दुरुस्तीची सोयही गेली!

या टाक्याचा प्रवास तर आमच्या मोटारीपेक्षाही मोठा आहे. इंग्रजीतला ‘टँक’ हा शब्द गुजराती-मराठी ‘टांके’वरून गेला असावा, त्याला पोर्तुगीज शब्दाचाही हात लागला असावा, असे इंग्रजी कोश सांगतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लोखंडी रणगाडे गुप्तपणे बनवले, तेव्हा कोणाला संशय येऊ नये म्हणून त्यांना ‘टँक’, म्हणजे पाण्याची टाकी, असे फसवे नाव दिले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते प्रथम उतरले. ४९ पैकी सुमारे ३२ च सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचले, बाकीचे वाटेतच बंद पडले किंवा रुतले. यंत्र कच्चे निघाले, पण नाव मात्र असे पक्के बसले, की आज टँक म्हटल्यावर पाणी आठवणारे आपल्यासारखे थोडेच.

मग निर्दोष यंत्र जगात नाहीच का? याचे उत्तर शोधायला आमच्या तालुक्याबाहेर जावे लागत नाही. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ एकत्र, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. (‘दुर्बीण’ हा फारसी शब्द, दूरचे पाहणारी. ही डोळ्याने काहीच पाहत नाही, तरी दुर्बीणच.) जवळून पाहिले तर तबकडीला नुसती भोके! ती पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरची, आणि पकडायच्या लहरींची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरीला ती भोके दिसतच नाहीत. जाळी तिला सपाट पत्र्यासारखीच भासते. वारा मात्र भोकांतून निघून जातो, त्यामुळे तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. प्रकाशासाठी ही तबकडी कुचकामी, मीटरलहरींसाठी उत्तम. खोट कशाला म्हणायचे हे कामावर ठरते, असे मला तिथे प्रथम नीट समजले.

पण तिलाही ग्यारंटी नाही. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. १९९० च्या दशकात दुर्बीण उभी राहत होती तेव्हा आमच्या गावांत मोबाईल नव्हते. नंतर ते आले, त्यांचे मनोरे आले. दुर्बीण तीच, भोवतालचे जग बदलले, आणि तिला नवे ग्राहक-यंत्र बसवून सुधारून घ्यावे लागले. नाना ज्या फोनने मोटार लावतात, तोसुद्धा तिच्या दृष्टीने गोंगाटच. शब्दाचे जे होते तेच यंत्राचे होते : स्वतः जागचे न हलताही ते जुने पडते.

हे सगळे मी नानांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मंग दुकानदाराचं बरूबर का माझं?” मी म्हणालो, कागदाने त्याचे, भाषेने तुमचे. हा निवाडा त्यांना मुळीच पटला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पुरता पटलेला नाही. कागद लिहिणाऱ्याला दोन्ही अर्थ माहीत होते, नानांना एकच. मग तोल सारखा कसा?

स्टार्टर दुरुस्त होऊन आला, तो बसवलाही आहे. बाई अजून त्याच गोड आवाजात सांगते. नानांनी मात्र घराशेजारच्या पाटात, पाईपच्या तोंडाखाली, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा टाकला आहे. पाणी पडले की तो रात्रभर वाजतो. आजी कुरकुरते की झोप लागत नाही. नाना फोन ठेवतात, डब्याचा आवाज ऐकतात आणि मगच कूस बदलतात.