थिजलेल्या लाव्ह्याचे खांब

अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला सिएरा नेवाडा पर्वतात काळसर दगडी खांबांचा एक कडा उभा आहे. डेव्हिल्स पोस्टपाइल हे त्याचे नाव. समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवरचे हे खांब १८ मीटरपर्यंत उंच असून एकमेकांना इतके खेटून आहेत, की ते कुणी मुद्दाम रचले असावेत असा भास होतो.

गेल्या एक लाख वर्षांत केव्हातरी सॅन वाकीन नदीच्या खोऱ्यात बेसॉल्टचा लाव्हा उतरला. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा; त्यापुढे हा अगदी कालचाच. पुढची वाट अडल्याने लाव्हा दरीतच तुंबला आणि काही ठिकाणी थर १२० मीटरपर्यंत जाड झाला. खांब घडले ते या जाडीमुळे. पातळ थर भराभर आणि कसाही निवतो. जाड थरातली उष्णता सावकाश, सारख्या वेगाने बाहेर पडते. निवताना खडक आकसतो, ताण वाढतो आणि पृष्ठभाग तडकतो. तीन भेगा १२० अंशांच्या कोनात मिळाल्या, तर कमीत कमी तडकून जास्तीत जास्त ताण सुटतो. म्हणून षटकोन. उष्णता जसजशी आतून निघून जाते, तसतशा भेगाही टप्प्याटप्प्याने आत सरकतात आणि खांब लांबत जातो. थर जिथे एकसारखा निवला नाही, तिथले खांब चक्क वाकलेले दिसतात.

सगळेच खांब षटकोनी असल्याचे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. ४०० खांबांच्या पाहणीत षटकोनी निघाले ते ४४.५ टक्के. पंचकोनीही ३७.५ टक्के होते, उरलेल्यांत चार आणि सात बाजूंचे अधिक.

खरी गंमत माथ्यावर आहे. हिमयुगात हिमनदीने कड्याचा वरचा भाग तासून गुळगुळीत केला. त्यामुळे खांबांचे आडवे छेद फरसबंदीसारखे पायाखाली पसरलेले दिसतात. बर्फात अडकलेल्या दगडगोट्यांनी ओढलेले समांतर ओरखडे त्यांवर अजून आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांबही असेच निवून घडले. पण तिथे दिसतात फक्त त्यांच्या बाजू, माथ्यावर देऊळ आणि बाग आहे. पोस्टपाइलच्या पायथ्याशी मात्र तुटक्या खांबांचा ढीग पडला आहे. भेगांत गोठणारे पाणी आणि भूकंपाचे हादरे त्यात भर घालतात.

हा कडा उरला तो थोडक्यात. १९०५ मध्ये तो योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून वगळला गेला. १९१० मध्ये तो सुरुंगाने उडवून त्याच्या दगडांचे धरण बांधण्याचा प्रस्ताव आला. वनखात्यातले अभियंता वॉल्टर ह्युबर यांनी विरोध केला, जॉन म्यूर यांनी साथ दिली आणि जुलै १९११ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

हिवाळ्यात इथला रस्ता बर्फाने बंद असतो. उन्हाळ्यात मॅमथ लेक्स गावाकडून खोऱ्यात उतरल्यावर जेमतेम पाऊण किलोमीटरची चाल पडते. हाताशी वेळ असेल तर त्याच नदीवरचा, सुमारे ३१ मीटर उंचीचा रेनबो धबधबाही पाहता येतो.