सगळ्यांत लाडकं मंडळ कोणतं?

गेल्या श्रावणात धाकट्या बहिणीचा अमेरिकेहून फोन आला. तिची मुलगी नुकतीच तिथल्या कॉलेजात दाखल झाली होती. "ताई, तू कॉलेजात शिकवतेस म्हणून विचारते. इथं मुलींची मंडळं असतात. देशात सगळ्यांत लोकप्रिय मंडळ कोणतं, याच्या याद्याही निघतात. पोरीला पहिल्या नंबरचंच हवंय. तिथं नाव लागलं नाही, तर शिक्षणच सोडते म्हणते!"

नाशिकला मराठी शिकवताना हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता!

या मंडळांना तिकडे 'सोरॉरिटी' म्हणतात. नावे ग्रीक अक्षरांची, जणू भूमितीच्या पुस्तकातून उचललेली. कारभार मात्र आपल्या भगिनीमंडळाचा आणि वसतिगृहाचा मिळून असतो तसा. 1902 साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय परिषदेत आज 26 मंडळे आहेत आणि त्यांच्या शाखा गावोगावच्या कॉलेजांत आहेत.

मग शिरगणती करून नंबर लावावेत का? तेही जमत नाही. नव्या मुली मंडळोमंडळी हिंडून आपली पसंती क्रमाने कळवतात. मंडळेही आपापल्या याद्या करतात. दोन्ही जुळवून नावे लागतात. पण एकाच दारी झुंबड उडू नये, म्हणून त्या कॉलेजातल्या मंडळांनी किती नव्या मुली घ्यायच्या, याची मर्यादा सारखीच ठरवतात. पंगतीत प्रत्येकाला दोनच लाडू वाढले, तर भूक कोणाची मोठी हे पानावरून कसे कळावे?

शिवाय एका कॉलेजात मानाचे असलेले मंडळ दुसरीकडे असेलच असे नाही. इथली मुलगी तिथली मंडळे पाहत नाही. आमच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या घेणारी मुलगी नागपुरात कोणाला ठाऊक असते? मग दोघींत वरचढ कोण, हे सांगणार कोण?

आपल्याकडे केंद्र सरकार कॉलेजांची क्रमवारी लावते. दिल्लीचे मिरांडा हाउस हे मुलींचे कॉलेज 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षे त्यात पहिले होते. 2024 साली तो मान हिंदू कॉलेजने घेतला. पण या हिशेबात बहुतेक गुण शिक्षक, निकाल अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना आहेत. लोकांच्या मनातल्या नावलौकिकाला शंभरांत दहाच! मोजणाऱ्यांनीही तिथे हात आखडता घेतला आहे.

हे सारे भाचीला सांगितले. तिला ते फारसे रुचले नाही. शेवटी म्हटले, "बाळ, वसतिगृहात असताना मलाही मानाच्या घोळक्यात शिरायचं होतं. त्यांनी घेतलं नाही. पुढे तापाने फणफणले, तेव्हा उशाशी बसली ती शेजारच्या खोलीतली, कोणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी. मंडळ बघायला जाशील तेव्हा एवढंच बघ, रात्री तुझ्या उशाशी कोण बसेल?"

पहिल्या दोन्ही पसंतींत तिचे नाव लागले नाही. दोन दिवस पोर रडली. शिक्षण मात्र सोडले नाही.

परवा तिचा फोन आला. मंडळातल्या मुलींना दिवाळीत चकल्या करून घालायच्या होत्या, म्हणून भाजणीचे प्रमाण विचारत होती. मी सावकाश सांगितले. तिने दोनदा वाचून दाखवले.

त्या मंडळाचा यादीत कितवा नंबर, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.